वर पळस, मधी कापूस, खाली पीक



कपाशीला पाते लागले आहेत, सोयाबीन फुलात आहे, आणि बांधावरचे गवत गुडघ्याला लागले आहे. अशा दिवसांत मला येणारी पत्रे बहुधा मावा, तुडतुडे आणि लाल पडलेली पाने यांचीच असतात. पण या खेपेस एका भगिनीचे पत्र आले आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही औषधाच्या डब्यावर छापलेले नाही. म्हणून आजचे सदर त्या पत्रासाठी ठेवतो. फवारणीचे शेवटी बोलू.

ताई लिहितात त्याचा मथितार्थ असा. २०२२ साली स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षे झाली तेव्हा गावात घरोघर झेंडे वाटले. त्यांच्या मालकांनी झेंडा वेळूच्या काठीला बांधून माळवदावर लावला. तो लावला तो लावलाच. आता केशरी रंग विटून पांढऱ्याला मिळाला आहे आणि कडेच्या दशा वाऱ्याने लोंबतात. ताईंना तो उतरवावासा वाटतो. सासूबाई म्हणतात, "देवळावरचा झेंडा कोणी उतरवून टाकतं का? राहू दे." थोरला मुलगा म्हणतो, "फेकून दे आणि नवा आण, स्वस्त मिळतो." ताई विचारतात, "साहेब, यात बरोबर कोणाचे?"

ताई, तुमच्या घरातल्या तिघांनाही त्या कापडाची काळजी आहे, ही पहिली चांगली गोष्ट. ज्या घरात झेंड्यावरून वाद होतो त्या घरात झेंडा नुसता काठीला अडकवलेला नाही, एवढे मला कळले. पण उत्तर देण्याआधी मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. झेंड्याबाबत दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याचा माझा अधिकार किती आहे, ते तुम्हाला त्यावरून समजेल.

गोष्ट १९९६ च्या पंधरा ऑगस्टची. नोकरीत नवा होतो. कृषी पदवीचा कागद ताजा होता, आणि आपल्याला सगळे येते असे वाटण्याचे ते वय होते. माझ्या सज्जातल्या एका लहान गावात शाळेचे मुख्याध्यापक आजारी पडले. दुसरे गुरुजी मुलांच्या रांगा लावण्यात गुंतलेले. मी म्हणालो, "आणा इकडे, झेंडा मी बांधतो." घडी घातली, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, दोरीला गाठी मारल्या. सरपंचांनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, मुलांनी सलामी दिली. आणि मी वर पाहिले तर हिरवा पट्टा वर, केशरी खाली!

मुलांना कळले नव्हते. सरपंचांच्या लक्षात आले की नाही, देव जाणे. मी मनाशी म्हणालो, आता राष्ट्रगीत सुरू झाले आहे, होऊन जाऊ द्या. राष्ट्रगीत संपले. तेवढ्यात शाळेच्या ओट्याच्या टोकाला बसलेली एक म्हातारी उठली. काठी टेकत पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, झेंडा उलटा झालाय. उतरवा अन् नीट करा."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. मी झेंडा उतरवला, गाठी सोडल्या, थरथरत्या हातांनी पुन्हा बांधला. झेंडा दुसऱ्यांदा चढवला आणि राष्ट्रगीतही दुसऱ्यांदा म्हटले.

नंतर आजीच्या घरी चहाला गेलो. माफी मागावी म्हणून गेलो होतो. माफीचे नाव काढताच ती म्हणाली, "तुमची चूक न्हाई. तुम्हाला झेंडा आयता मिळाला." आणि मग तिने सांगितले ते मी आजवर विसरलो नाही.

मराठवाड्यातल्या तरुण वाचकांना कदाचित हे ठाऊक नसेल. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत आणि पुण्या-मुंबईत तिरंगा चढला, पण आपल्या नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद या जिल्ह्यांत तो चढवणे हा गुन्हा होता. आपण निजामाच्या राज्यात होतो. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील होण्याचा दिन पाळला. पंधरा ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. पुढे तेरा महिने रझाकारांचा जाच चालला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा आपल्याकडे स्वातंत्र्य उगवले.

आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिच्या वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन होती, कापूस आणि ज्वारी पिकायची. झेंडा विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तो घरातच केला. शिमग्यासाठी वाळवून ठेवलेली पळसाची फुले उकळून एक पट्टी रंगवली. मधली पट्टी धोतराची. खालची पट्टी आजीच्या आईच्या हिरव्या लुगड्याच्या पदराची. मधले चक्र निळीने काढले, पण आऱ्या मोजायला कोणाला माहीत नव्हत्या, म्हणून जेवढ्या बसल्या तेवढ्या काढल्या. आणि तो झेंडा सरकीच्या पोत्यात तळाशी घातला. एकदा घराची झडती झाली. पोती भोसकली, सरकी घरभर सांडली, पण तळापर्यंत कोणी हात घातला नाही. ते लोक गेल्यावर या पोरीने सरकीचा दाणा न् दाणा गोळा करून पोते पुन्हा भरले. तेरा महिने ते पोते म्हशीला लागले नाही.

मी विचारले, "आजी, केशरी वर हे तुमच्या पक्कं ध्यानात कसं राहिलं?"

ती म्हणाली, "बापानं शिकवलं होतं. वर पळस, मधी कापूस, खाली पीक. पीक वर अन् पळस खाली, असं वावरात कधी असतंय का?"

मंडळी, त्या दिवसापासून माझ्या हातून झेंडा उलटा बांधला गेला नाही. तुमच्या लेकरांनाही हे शिकवा. पुस्तकातल्या ओळीपेक्षा हे लवकर ध्यानात राहते.

आता मी शेतकी खात्याचा माणूस, म्हणून या कापडाकडे पीक म्हणून पाहू. आपल्या झेंड्याचा आराखडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पिंगली वेंकय्या हे आंध्रातल्या मछलीपट्टणमजवळचे. १९२१ साली बेझवाड्याच्या, म्हणजे आजच्या विजयवाड्याच्या, काँग्रेस बैठकीच्या वेळी त्यांनी झेंड्याचा नमुना गांधीजींना दाखवला. त्या वेळी त्यात तांबडा आणि हिरवा असे दोन रंग होते. पुढे पांढरा आला, चरखा आला, आणि १९३१ साली केशरी, पांढरा, हिरवा हे रूप ठरले. हे सगळे शाळेत शिकवतात. शाळेत बहुधा सांगत नाहीत ते असे, की वेंकय्यांना शेतीचे वेड होते. कंबोडिया कापूस या लांब धाग्याच्या जातीवर त्यांनी इतके काम केले, की लोक त्यांना 'पत्ती वेंकय्या' म्हणत. तेलुगूत पत्ती म्हणजे कापूस. म्हणजे ज्याने झेंड्याचा नमुना केला तो माणूस कापूसवाला होता! कापसाच्या वावरात वाकून बोंडे वेचणाऱ्या प्रत्येक बाईला हे कळले पाहिजे.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीत पंडित नेहरूंनी झेंड्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र आले. चरखा एका बाजूने सरळ दिसतो तर दुसऱ्या बाजूने उलटा. चक्राला तशी उलट-सुलट बाजू नाही. त्याला चोवीस आऱ्या, रंग गडद निळा. त्याच सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ उलगडला. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे प्रकाश आणि सत्याची वाट. आणि हिरवा म्हणजे मातीशी आणि वनस्पतींशी असलेले आपले नाते, कारण बाकी सगळे जीवन वनस्पतींवरच उभे आहे. आजीच्या वडिलांनी राधाकृष्णन यांचे भाषण वाचले असण्याची शक्यता नाही. पण खाली पीक असते आणि त्यावर बाकीचे उभे राहते, हे त्यांना वावरातच समजले होते.

झेंड्याचे कापडही साधे नाही. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, म्हणजे आय.एस. १, हा राष्ट्रध्वजाचा आहे. १९५१ साली तो ठरला. सूत कसे, वीण कशी, रंग किती पक्का, शिलाई कशी, सगळे त्यात लिहिलेले आहे. लांबी आणि उंचीचे प्रमाण तीनास दोन. घरासाठी नव्वद सेंटिमीटर लांब आणि साठ सेंटिमीटर उंच झेंडा घेतला, तर प्रत्येक पट्टा बरोबर वीस सेंटिमीटरचा आला पाहिजे. बाजारात घेताना फूटपट्टी लावून पाहा. बी-बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल पाहता ना, तसेच. कित्येक झेंडे लांबुळके असतात, चक्र अंड्यासारखे असते, नाहीतर ते मधोमध नसते. असा झेंडा घेऊ नका.

खादीचा प्रमाणित ध्वज बनवणाऱ्या जागा देशात थोड्या. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी येथे एक आहे. आणि आपल्या मराठवाड्यात नांदेडला खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगा तयार होतो. ज्या नांदेडने कधीकाळी गावरानी कापसाने मुंबईच्या बाजारात नाव कमावले, जिथल्या संशोधन केंद्राने नांदेड-४४ हा संकरित वाण देऊन हजारो घरांत पैसा आणला, त्याच नांदेडात झेंडा शिवला जातो. एक क्विंटल कापूस पिंजला की साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून किती झेंड्यांचे सूत निघेल याचा हिशेब तुमच्या मुलांना घालायला सांगा.

आता या कापडासाठी काय काय दिले गेले, ते थोडक्यात सांगतो. १९०७ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टला मादाम कामांनी परदेशी सभेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. त्याचे रंग आजच्यापेक्षा निराळे होते. तो झेंडा आज पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. १९२३ साली नागपुरात सरकारने झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समध्ये नेण्यास बंदी केली. तेव्हा जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली १ मे पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची आणि तुरुंगात जायची. बजाजांना पकडल्यावर सरदार पटेल आले. ऑगस्टात सरकारला माघार घ्यावी लागली. फक्त झेंडा हातात धरून रस्त्याने चालण्याच्या हक्कासाठी साडेतीन महिने लढाई चालली, मंडळी!

आणि ९ सप्टेंबर १९४२. हा एक दिवस आपण लक्षात ठेवला पाहिजे. त्या दिवशी खानदेशात नंदुरबारला शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता या मुलाच्या हातात तिरंगा होता. वय वर्षे पंधरा. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. त्याच दिवशी सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर खेड्यापाड्यांतले शेतकरी चालून गेले. पुढे परशुराम घार्गे झेंडा घेऊन होते. तेथेही गोळीबार झाला आणि नऊ जण पडले. वडूजचा तो दुष्काळी माणदेश, तिथली माणसे तुमच्या-माझ्यासारखी, बाजरी-मटकी पिकवणारी. सुगी पुढे दिसत असताना ती घरून निघाली होती.

हे सांगितले ते अंगावर काटा यावा म्हणून नाही. ताईंच्या माळवदावर विटलेल्या कापडाचा जो तुकडा आहे, त्याच्या मागे ही माणसे उभी आहेत, म्हणून सांगितले.

आता एक अवघड प्रश्न. मी तो टाळणार नाही. गेल्या हंगामात एका गावात बोंडअळीवर बोलत होतो. सभा संपल्यावर एक शेतकरी म्हणाला, "साहेब, कापूस आमचा, अन् झेंडा पॉलिएस्टरचा, हे कसं?"

हे असे झाले. पूर्वी झेंडा फक्त हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या खादीचा, म्हणजे सुती, रेशमी किंवा लोकरीचा, असावा असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला, आणि यंत्राने बनवलेला व पॉलिएस्टरचाही झेंडा चालेल असे ठरले. त्यामुळे २०२२ साली तो थोड्या पैशांत घरोघर गेला. हे खरे आहे, आणि ते लहान काम नव्हे. आजीच्या वडिलांना जो सरकीत लपवावा लागला तो झेंडा पारधी वस्तीपासून पाटलाच्या वाड्यापर्यंत सगळ्यांच्या छपरावर लागला. पण दुसरी बाजूही खरी आहे. हुबळीच्या खादीवाल्यांनी त्याच वर्षी या बदलाविरुद्ध आवाज उठवला, कारण सूत कातणाऱ्या आणि मागावर बसणाऱ्या बायांची मजुरी त्या झेंड्यावर चालते. आणि कापसाचा भाव एका वर्षी दहा हजारांच्या वर जातो, तर दुसऱ्या वर्षी आपण हमीभावासाठी गाड्यांच्या रांगेत रात्र काढतो. अशा वेळी त्या शेतकऱ्याच्या प्रश्नात नुसता राग नव्हता, दुःख होते.

मी त्याला म्हणालो, "कायद्याने दोन्ही झेंडे सारखे. पॉलिएस्टरचा ज्याने लावला त्याची देशभक्ती कमी, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या ग्रामपंचायतीचा, शाळेचा आणि सोसायटीचा झेंडा तरी खादीचा घ्या. ठराव करा. वर्षाला एक झेंडा लागतो. कापूस पिकवणाऱ्या गावाला तेवढे परवडते." त्याने ऐकले की नाही ते यंदाच्या पंधरा ऑगस्टला कळेल.

आता नियम. कायदा आणि ध्वजसंहिता मोठी आहे. शेतकऱ्याच्या घराला लागते तेवढेच सांगतो.

पहिले, हक्काचे. पूर्वी सामान्य माणसाला रोज घरावर झेंडा लावता येत नसे. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि ती मुभा मिळाली. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. म्हणजे संध्याकाळी उतरवला नाही म्हणून ताईंनी गुन्हा केला असे मुळीच नाही. पण फाटका, मळका झेंडा लावू नये, हा नियम तसाच आहे.

दुसरे, बांधण्याचे. वर पळस, खाली पीक. भिंतीवर उभा लावायचा असेल तर समोरून पाहणाराच्या डाव्या हाताला केशरी यावा. झेंडा भुईला किंवा पाण्याला टेकू नये. त्यावर नाव, पक्षाचे चिन्ह, दुकानाची जाहिरात, काही लिहू नये. त्याच काठीवर दुसरा कोणताही झेंडा, मग तो देवाचा असो वा पक्षाचा, एकत्र लावू नये. घडीत पाकळ्या ठेवायला हरकत नाही. चढवताना झटकन चढवावा, उतरवताना सावकाश, मानाने.

तिसरे, न करण्याचे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडा अंथरू नका. पोळा जवळ आला आहे. बैलाच्या शिंगांना हौसेने रंग द्या, गोंडे बांधा, पण झेंड्याची झूल करू नका. त्याचा रुमाल, टॉवेल, उशीचा अभ्रा करू नका. जाणूनबुजून अवमान केला तर १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत.

चौथे माझ्या पदरचे आहे, पण जिवाचे. झेंडा लावण्यासाठी पत्र्याच्या घरावर लोखंडी पाइप उभा करू नका. ऑगस्टात सगळे ओले असते, आणि खेड्यात विजेच्या तारा छपरावरून हात लांब करण्याइतक्या जवळ असतात. वाळलेला वेळू घ्या, तारेपासून लांब लावा, आणि मुलांना छपरावर पाठवू नका. विजेच्या खांबाला तर बांधूच नका.

पाचवे, लहान झेंड्यांचे. प्लास्टिकचे झेंडे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. तरीही कुठे कुठे विकले जातात. का घेऊ नयेत, हे मी नियमापेक्षा म्हशीच्या गोष्टीने सांगतो. मागे एका गावात पंधरा ऑगस्टनंतर काही दिवसांनी एक चांगली दुभती म्हैस बसली. रवंथ बंद, पोट फुगलेले. पशुवैद्यांनी पोट उघडले तेव्हा आतून पिशव्यांचा गोळा निघाला, आणि त्या गोळ्यात शाळेतल्या मिरवणुकीचे प्लास्टिकचे झेंडे. डॉक्टरांनी ते बाहेर काढून धुतले. हात धुतले नाहीत, आधी ते झेंडे धुतले. म्हैस वाचली नाही. कागदी झेंडे घ्या, आणि मिरवणूक संपल्यावर मुलांना सांगा, रस्त्यावर पडलेले वेचून आणा. कागदाचे असले तरी ते टाकायचे नसतात. गोळा करून मोठ्या माणसांच्या हाती द्यायचे.

आता ताईंचा खरा प्रश्न, जुन्या झेंड्याचे काय? त्याआधी आणखी एक चित्र सांगतो. एका बाजरीच्या वावरात कणसे दुधात आली होती आणि मधोमध काठीला एक विटका तिरंगा बांधला होता. पाखरे हाकायला. मी मालकाला म्हणालो, "दादा, झेंड्याचं बुजगावणं करता?" तो माणूस ओशाळला. म्हणाला, "घरावरचा फाटाया लागला साहेब. टाकून द्यायला जीव होईना. म्हणलं, वावरात तरी उभा राहील, राखण करील." नियमाने त्याचे चुकले होते. पण मला त्याला रागावता आले नाही. आम्ही दोघांनी मिळून तो उतरवला.

तर ताई, उतरवायचा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, देवळावरची पताकासुद्धा जीर्ण झाली की पुजारी उतरवतो आणि नवी चढवतो. जीर्ण पताका ठेवली तर देवळाची शोभा जाते. मुलाला सांगा, नवा आणायचा हे तुझे बरोबर, पण फेकून द्यायचा हे चूक.

रीत अशी. झेंडा सावकाश उतरवा. दोघांनी दोन बाजूंनी आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग दोन्ही बाजूंनी घडी अशी घाला की वर चक्र आणि थोडा केशरी, थोडा हिरवा दिसेल. दोन्ही तळव्यांवर घेऊन चला. चांगला असेल तर स्वच्छ कापडात गुंडाळून पेटीत ठेवा, पुढल्या वर्षी निघेल. पार जीर्ण झाला असेल तर तुकडे न करता, तो अखंड, घरच्या माणसांत, गाजावाजा न करता अग्नीला द्यायचा. संहितेत हेच सांगितले आहे. कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब करा. पॉलिएस्टर असेल तर ते वितळते आणि धूर वाईट असतो, म्हणून मोकळ्या जागी, वाऱ्याच्या पाठीमागे उभे राहा. पॉलिएस्टर पुरून कुजत नाही, म्हणून उकिरड्यात किंवा मातीत घालू नका. सुती असेल तर चिमूटभर राख राहते. ती तुमच्या कपाशीच्या बुडाला घाला. संहितेत हे लिहिलेले नाही. हे मी शेतकरी म्हणून सांगतो.

आणि एक विनंती. ते करताना मुलाला जवळ उभे करा, आणि सासूबाईंना विचारा, की त्यांच्या वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या वेळी गावात पहिला झेंडा कोणी लावला. बहुतेक गावांत ही गोष्ट एखाद्या म्हातारीच्याच पोटात असते, आणि तिच्याबरोबर जाते. माझी ती आजी पुढे चार वर्षांनी गेली. तो घरचा झेंडा काय झाला, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. तिच्या मुलांना माहीत नव्हते. बी जपून ठेवले नाही तर वाण जातो, तसेच हे आहे. ऐकलेली गोष्ट वहीत लिहून ठेवा.

यंदा पंधरा ऑगस्टला आणि मराठवाड्यात सतरा सप्टेंबरलाही झेंडा बांधण्याचे काम कोणा नव्या साहेबाकडे आले, तर कडेला उभे राहून नजर ठेवा. उलटा झाला तर लाजू नका, पुढे होऊन सांगा. साहेबाला वाईट वाटेल, पण तो जन्मभर विसरणार नाही.

आता थोडे वावरातले. कपाशी पाते-फुलात आहे. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावले नसतील तर आता लावा, आणि रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय हाती घ्यायची वेळ झाली असे समजा. फुलांमध्ये फिरताना पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली डोमकळी दिसली की तोडून, आतल्या अळीसकट नष्ट करा. सरसकट फवारणीची घाई नको. पाणी साचले असेल तर चर काढून द्या. लाल पडणाऱ्या पानांविषयी ज्यांनी लिहिले आहे त्यांना पुढच्या अंकात सविस्तर उत्तर देतो.

ताई, नवा झेंडा लावलात की कळवा.

लोभ असावा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)